रिपोर्टवर 'ग्लॉटिक गॅप' लिहिलंय, म्हणजे घशाला भोक पडलंय का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की २२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवताय, दिवाळीच्या सुट्टीनंतर आवाज बसला तो पूर्ण सुटलाच नाही, चौथ्या तासाला तर नुसती हवा येते, ईएनटीवाल्यांनी दुर्बिणीने बघितलं आणि रिपोर्टवर एक ओळ लिहून दिली, 'आवरग्लास ग्लॉटिक गॅप'. आणि आता तुम्ही विचारताय की ग्लॉटिस म्हणजे व्होकल कॉर्डच ना, मग गॅप म्हणजे तिला भोक पडलंय का, आणि ऑपरेशनशिवाय ते बुजेल का. मी २६ वर्षं कान-नाक-घसा बघतोय, त्यातही जास्त करून आवाजाचेच पेशंट, आणि आधी एवढं सांगून टाकतो की भोक वगैरे काही पडलेलं नाही, आज रात्री नीट झोपा. बाकीचं जरा सविस्तर सांगतो कारण ही फट एकदा नीट कळली की तुमचा रिपोर्ट तुम्हालाच वाचता येईल.

ग्लॉटिस हा अवयव नाही हो, ती मोकळी जागा आहे, दोन व्होकल कॉर्डच्या, म्हणजे स्वरतंतूंच्या, मधली फट. पुस्तकात स्वरद्वार किंवा कंठद्वार म्हणतात, मी पेशंटशी बोलताना सरळ फटच म्हणतो. म्हणजे गॅप तर सगळ्यांनाच असतो, तो नसता तर आपण गुदमरलो असतो. विचारायचं असतं ते हे की गॅप कधी आहे. श्वास घेताना तो हवाच, आणि 'ई' म्हणताना तो मिटायला हवा. तुमच्या रिपोर्टमध्ये 'आवाज काढताना' एवढे दोन शब्द लिहायचे राहिलेत, ते मनात घालून वाचा म्हणजे घाबरायला होणार नाही.

आता रचना बघू. गळ्यावर पुढून बोट फिरवलं की घाटी लागते, पुरुषांची दिसते, बायकांची सहसा दिसत नाही पण हाताला लागते. त्या घाटीच्या आतल्या बाजूला, जरा खाली, दोन्ही कॉर्ड एकमेकींना चिकटून सुरू होतात आणि तिथून मागे मानेच्या मणक्यांच्या दिशेने जातात. खूप जणांच्या डोक्यात सतारीच्या तारांसारखं उभं चित्र असतं, तसं नाहीये, त्या आडव्या आहेत, आपण उभे असलो तर जवळजवळ जमिनीला समांतर, आणि तारा तर नाहीतच, मऊ घड्या आहेत. स्वयंपाकघरातला चिमटा डोळ्यासमोर आणा, एक टोक जोडलेलं, दुसऱ्या टोकाला उघडझाप. जोडलेलं टोक पुढे घाटीपाशी, उघडणारं मागे. मागच्या टोकांना दोन इवल्याशा तिकोनी कूर्चा असतात, ॲरिटिनॉइड नावाच्या, त्या फिरतात, सरकतात, आणि त्यांच्याबरोबर कॉर्ड आत-बाहेर होतात. म्हणून फट उघडली की वरून बघताना त्रिकोण दिसतो, टोक पुढे आणि पाया मागे. पुढून मागे मोजली तर पुरुषांत साधारण २३ मिमी, बायकांत १७-१८ मिमी, शांत बसलेलं असताना रुंदी ६ ते ८ मिमी, आणि जिना चढून धापा टाकत आलात की ती आणखी फाकते. मोठ्या माणसाच्या स्वरयंत्रात यापेक्षा अरुंद जागा नाही. भूल देताना जी नळी घालतात ती इथूनच आत जाते, मोठ्या माणसाला साधारण ७-८ नंबरची, आणि तो नंबर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे मिलिमीटर.

या फटीचे दोन भाग लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं येणार आहे. पुढचा तीन पंचमांश भाग मऊ पडद्यांच्या मधला, तिथे आवाज तयार होतो. मागचा दोन पंचमांश त्या कूर्चांच्या मधला, तिथून श्वासाची मोठी वाट. फट एकच आणि गिऱ्हाइकं दोन, आणि दोघांच्या मागण्या बरोब्बर उलट्या. श्वासाला ती उघडी हवी, आवाजाला मिटलेली. घशाचे निम्मे आजार आणि त्यावरचे जवळजवळ सगळे उपचार म्हणजे या दोघांमधली वाटणी आहे असं मला इतक्या वर्षांनी वाटतं.

पण आवाज हे तिचं पहिलं काम नव्हेच. पहिलं काम राखणदारी. आपल्या घशात अन्नाचा आणि हवेचा रस्ता एकमेकांना ओलांडून जातो, श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे, त्यामुळे प्रत्येक घासाला, प्रत्येक घोटाला ही फट मिटावी लागते, वरून खोट्या कॉर्ड, म्हणजे खऱ्या कॉर्डच्या वरच्या दोन घड्या, मिटतात, त्यावर एपिग्लॉटिस नावाचं झाकण झुकतं, स्वरयंत्रच वर उचललं जातं आणि तेवढा वेळ श्वास थांबतो. आत्ता पाणी पिऊन बघा, घोट गिळताना श्वास चालू ठेवता येणारच नाही. जेवताना गप्पा मारल्या की ठसका का लागतो याचं उत्तर हेच, एकाच क्षणी उघड पण म्हटलं आणि मिट पण म्हटलं. आणि ठसका लागला की वाचवतेही हीच फट, आधी घट्ट मिटते, खाली छातीत दाब साठतो आणि मग एकदम उघडते, तो धक्का म्हणजे खोकला. हमाल पोतं उचलताना 'हं' करून दम धरतो तेव्हा फट मिटलेली असते, छाती ताठ राहते म्हणून हातांना जोर मिळतो. कुंथताना तेच, बाळंतपणात कळ देताना तेच. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेल्या पेशंटला जोर लावता येत नाही, शौचालाही त्रास होतो, कारण हवा फटीपर्यंत पोचायच्या आधीच नळीतून निघून जाते. उचकीचा 'हिक्' पण इथलाच, छाती-पोटाच्या मधला पडद्यासारखा स्नायू अचानक आकसतो, हवा आत खेचली जाते आणि फट पटकन मिटते.

आता आवाज. १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये हुसाँ यांनी मांडलं होतं की मेंदू प्रत्येक कंपनासाठी नसेमार्फत वेगळा हुकूम पाठवतो. ते टिकलं नाही. १९५८ मध्ये व्हान डेन बर्ग यांनी जे मांडलं तेच आज थोड्याफार सुधारणांसह शिकवतात, की मेंदू फक्त फट मिटवतो आणि ताण ठरवतो, हलवण्याचं काम फुप्फुसातली हवा करते. लहान मुलं ओठ सैल मिटून घोड्यासारखे फुरफुरवतात ना, तेच. ओठ सारखे उघडझाप करायचे असं कोणी ठरवत नाही, हवा ढकलते, ओठ उघडतात, लवचिकपणाने परत मिटतात, पुन्हा ढकलले जातात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला १००-१२५ वेळा होतं, बाईच्या आवाजात २०० च्या आसपास. आता तुमचा हिशोब करा. दिवसभरातला आवाज चालू असलेला निव्वळ वेळ एक तास धरला, शिक्षिकेचा त्याहून जास्तच असतो, तरी ३६०० गुणिले २०० म्हणजे ७ लाख २० हजार वेळा दोन्ही कॉर्ड एकमेकींवर आपटल्या. वर्ग ओरडत असेल आणि तुम्ही त्याच्या वर आवाज चढवत असाल तर प्रत्येक टक्कर आणखी जोराची.

एवढं त्या सोसतात कशा? जपानच्या हिरानो यांनी १९७४ मध्ये कॉर्डचे थर उलगडून दाखवले. आत स्नायू, त्यावर चिवट दोरीसारखा पट्टा, आणि सगळ्यात वर पातळ त्वचा, तिच्या खाली जेलीसारखा मऊ थर. वरचा थर आतल्या स्नायूवर सैल असतो, तापवून ठेवलेल्या दुधावर साय असते तसा. आवाज काढताना ही साय लाटेसारखी हलते. साय सुकली, जाड झाली किंवा खाली चिकटली की लाट मरते आणि आवाज घोगरा होतो, मग स्नायू कितीही धडधाकट असो.

घरी एक करून बघा. दोन बोटं घाटीवर ठेवा आणि 'स्स्स्स' म्हणा, काही थरथरत नाही. आता 'झाड'मधला झ लांबवा, 'झ्झ्झ्झ', बोटांना गुणगुण लागेल. जीभ दोन्हीला जवळजवळ एकाच जागी आहे, बदलली ती फट. व्याकरणात अघोष आणि घोष म्हणून जे शिकवता ते हेच. आपल्याकडे तैत्तिरीय प्रातिशाख्यात, म्हणजे वेदाच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथात, हे स्वच्छ सांगून ठेवलंय, कंठ संवृत म्हणजे मिटलेला असेल तर नाद, विवृत म्हणजे उघडा असेल तर श्वास, आणि दोहोंच्या मधल्या स्थितीत हकार. आरसा नाही, दुर्बीण नाही, नुसत्या कानाने आणि लक्ष देऊन हे ज्यांनी ओळखलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. मराठीत तर आपण ही मधली स्थिती सतत वापरतो, म्हैस, न्हाणी, व्हावं, फट थोडी उघडी ठेवून नाद आणि हवा एकत्र सोडतो. तुमचा आवाज आत्ता दिवसभर या 'ह'च्या स्थितीत अडकलाय असं समजा. आणि दुसरी गोष्ट, 'स' आणि 'झ' दोन्ही एकेका दमात किती सेकंद टिकतात ते घड्याळ लावून मोजा. निरोगी घशात दोन्ही साधारण सारखे येतात. 'स' २० सेकंद आणि 'झ' जेमतेम १२ अशी तफावत असेल तर फुप्फुस ठीक आहे, फटीतून हवा गळतेय.

ही फट जिवंत माणसात हलताना बघण्याची वाट एका गाणं शिकवणाऱ्याने मोकळी करून दिली, डॉक्टरने नाही. मान्युएल गार्सिया, स्पॅनिश, लंडनला शिकवायचे, त्यांनी १८५४ मध्ये दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचीच फट बघितली आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीपुढे मांडलं. मी शिकलो तेव्हाही तसाच आरसा होता, स्पिरिटच्या दिव्यावर धरून कोमट करायचा म्हणजे वाफ धरत नाही, आपल्या हाताच्या पाठीवर टेकवून बघायचा चटका तर नाही ना, गॉझमध्ये पेशंटची जीभ धरायची आणि म्हणायचं 'ई म्हणा'. आता कॅमेरा आहे आणि स्ट्रोबोस्कोप आहे, तो आवाजाच्या पट्टीपेक्षा किंचित मागेपुढे असे दिवे लुकलुकवतो त्यामुळे २०० ची कंपनं डोळ्याला संथ लाटेसारखी दिसतात. पहिल्यांदा दिसतं तेव्हा पेशंट हमखास विचारतात की हे माझंच का, कारण बाकी घसा गुलाबी-लाल आणि या दोन पट्ट्या मोत्यासारख्या पांढऱ्या.

तुमचा आवरग्लास म्हणजे सरळ मराठीत डमरू. 'ई' म्हणताना तुमच्या दोन्ही कॉर्ड मध्येच एका ठिकाणी आधी टेकतात आणि त्या जागेच्या पुढे-मागे फट उरते, म्हणून डमरूचा आकार. मध्ये आधी का टेकतात, तर तिथे दोन्ही बाजूंना सूज किंवा छोटे फुगवटे असणार. फटीच्या मऊ भागाच्या साधारण मधोमध टक्कर सगळ्यात जोरात बसते, तिथेच घट्टा पडतो, कुदळ चालवणाऱ्याच्या तळव्याला पडतो तसा. याला नोड्यूल म्हणतात, शिक्षकांत, गायकांत, रस्त्यावर माल विकणाऱ्यांत आणि आरडाओरडा करणाऱ्या लहान मुलांत नेहमीचं. नवा घट्टा मऊ असतो आणि तो जिरतो. तुमच्या रिपोर्टमध्ये फुगवट्यांचा उल्लेख नाही याचं मला आश्चर्य वाटतंय, तेवढं पुढच्या भेटीत विचारा, त्याच ठिकाणी आहेत का, दोन्ही बाजूंना सारखे आहेत का. एकाच बाजूला असेल तर ते सिस्ट (पिशवीसारखी गाठ) किंवा पॉलिप (लोंबता फुगवटा) असू शकतं आणि वाट बदलते.

बाकीचे आकार पटकन सांगतो. फक्त मागच्या टोकाला छोटी फट उरणं बायकांत पुष्कळदा नॉर्मलच असतं, त्यावर उपचार करायला जाऊ नये. म्हातारपणी कॉर्डचा मांसल भाग सुकतो आणि मध्ये चातीसारखी फट राहते, आजोबांचा आवाज बारीक आणि कापरा होतो तो त्यामुळे. वेड्यावाकड्या कडांची फट दिसली, माणूस बिडी ओढणारा असला की मी ताबडतोब बायोप्सीचं बोलतो. कॉर्डवरच्या कॅन्सरबद्दल एक दिलासा आहे, तो अगदी लहान असतानाच आवाज बदलतो, आणि त्या जागी लसिकावाहिन्या फार कमी त्यामुळे लवकर पसरत नाही, सुरुवातीला सापडला तर रेडिएशन किंवा लेझरने दहातले नऊ बरे होतात. म्हणूनच ३ आठवड्यांच्या वर घोगरा राहिलेला आवाज बघून घ्यायचाच, आधी काढे-गोळ्या करत सहा महिने घालवायचे नाहीत.

एक कॉर्ड हलायचीच थांबली तर मात्र वेगळी गोष्ट. हलवणारी नस मेंदूकडून येते पण सरळ घशात जात नाही, खाली जाते आणि वळून परत वर येते. उजवी गळ्याच्या बुडाशी वळते, डावी पार छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून. दुसऱ्या शतकात गॅलेन नावाच्या वैद्याने रोममध्ये डुकराच्या मानेतल्या या नसा बंद केल्या आणि केकाटणारं डुक्कर गप्प झालेलं लोकांना दाखवलं. डावी नस लांबचा रस्ता घेते म्हणून डावी कॉर्ड जास्त वेळा बंद पडते, आणि कारण घशात नसून छातीत असू शकतं. माझ्याकडे एक शेतकरी काका आले होते, तक्रार एवढीच की फोनवर कुणाला ऐकू जात नाही आणि चहा पिताना ठसका लागतो. घसा स्वच्छ, फक्त डावी कॉर्ड निश्चल. छातीचा सीटी काढला, डाव्या बाजूला वरती गाठ निघाली. आपल्याकडे टीबी किंवा वाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप हीसुद्धा कारणं निघतात, झडप आवळली की डावा कप्पा फुगतो आणि नस चेपते. तेव्हा कॉर्ड हलत नसेल तर नुसत्या घशाकडे बघून चालत नाही.

एक कॉर्ड हलत नसली तर श्वासाला सहसा अडचण नसते, आवाज जातो. दोन्ही हलायच्या थांबल्या तर उलटं, आणि हे सगळ्यात फसवं आहे. एक मावशी आल्या होत्या, कधीतरी थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं, आवाज खणखणीत, त्यामुळे घरात कुणाला घशाचा संशय नाही. रात्री श्वासाचा आवाज यायचा, जिना चढवत नव्हता, दोन वर्षं दम्याचा पंप चालू. मी त्यांना नुसतं 'जोरात श्वास घ्या' म्हटलं आणि कान दिला. दम्याची शिट्टी जास्त करून श्वास सोडताना येते, यांचा आवाज श्वास आत घेताना येत होता, गळ्यापाशी. दुर्बिणीत दोन्ही कॉर्ड मध्यावर येऊन थांबलेल्या, मधे दोनेक मिमी फट. फट उघडणारी स्नायूंची जोडी सगळ्या घशात एकच आहे, मिटवणाऱ्या कितीतरी, त्यामुळे थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये दोन्हीकडच्या नसा गेल्या की उघडायला कुणीच उरत नाही. लेझरने मागच्या बाजूला एका कॉर्डला छेद देऊन जागा केली, पण आधी समोर बसवून सांगितलं की मावशी, श्वास मोकळा होईल पण आवाज थोडा जाईल, दोन्ही पूर्ण देता येणार नाही. त्यांनी विचार करायला एक दिवस घेतला आणि मग हो म्हणाल्या. त्या छेदाची जागा मागे का निवडायची हे आता तुम्हाला कळेल, मागचा भाग श्वासाचा, पुढचा शक्य तेवढा आवाजासाठी राखायचा.

आणि उलट बाजू, शेतकरी काकांची. गाठीचे उपचार झाल्यावर त्यांची थायरोप्लास्टी केली. घाटीच्या कूर्चेला छोटी खिडकी पाडून आतून एक ठोकळा बसवतात, म्हणजे न हलणारी कॉर्ड मध्याकडे ढकलली जाते आणि चांगली कॉर्ड तिला येऊन भेटते. जपानच्या इशिकी यांनी ही पद्धत १९७० च्या दशकात बसवली. पेशंट जागा असतो, फक्त जागा बधिर केलेली. ठोकळा एकेक मिलिमीटर सरकवायचा आणि म्हणायचं 'काका, एक ते दहा मोजा'. चारपर्यंत नुसती हवा होती, ठोकळा जरा मागे घेऊन फिरवला आणि पाच, सहा एकदम भरीव आले. काका टेबलवरच थांबले आणि म्हणाले, 'हां, हा माझा'. जास्त ढकललं असतं तर श्वास अडला असता, तेव्हा तिथेच टाके घातले.

यातलं तुम्हाला काहीही लागणार नाही, ताई. तुमच्या दोन्ही कॉर्ड हलतायत, साय मऊ आहे, फक्त मधे घट्टे आहेत असं धरून सांगतो. पहिला उपाय व्हॉइस थेरपी, स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा, साधारण दोन-तीन महिने. स्ट्रॉमधून पाण्यात बुडबुडे काढत 'ऊ' करणं हा त्यातला एक व्यायाम, साधा वाटतो पण वरून येणाऱ्या दाबाने कॉर्ड कमी जोरात आपटतात. वर्गात कमरेचा छोटा माईक लावा, त्यात कमीपणा काही नाही. घसा खाकरणं सोडा, प्रत्येक खाकर म्हणजे दोन कॉर्डची घासाघीस, त्याऐवजी घोटभर पाणी. आणि कुजबुजत बोलू नका, घरचे सांगतील की हळू बोल म्हणजे विश्रांती मिळेल, पण जोर लावून कुजबुजताना पुढचा भाग दाबला जातो, मागे फट उघडी राहते आणि ताण तोच राहतो. विश्रांती म्हणजे गप्प बसणं किंवा मऊ, सहज आवाजात थोडं बोलणं. खडूची धूळ, रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणं, कमी पाणी, या गोष्टी सायीला सुकवतात किंवा सुजवतात, त्या बघा.

तीन महिन्यांनी पुन्हा स्ट्रोबोस्कोपी करा, त्याच पट्टीत 'ई' म्हणून, आणि आधीचा व्हिडिओ शेजारी लावून बघायला सांगा. डमरूची कंबर जाड-बारीक किती झाली ते दिसेल. तेव्हाही घट्टे कडक राहिले आणि आवाज सुधारला नाही तरच ऑपरेशनचा विषय काढायचा. तोपर्यंत 'स' आणि 'झ'चे सेकंद दर रविवारी सकाळी वहीत लिहून ठेवा, 'झ' वर चढत 'स'च्या जवळ येऊ लागला की फट मिटायला लागलीय.